बत्तिसाचे पंचवीस

कोल्हापुरात एका पेठेत एक बेकरी होती. पुढं छोटं दुकान, मागं लाकडाची भट्टी. पहाटे तीनला भट्टी पेटायची आणि देवळात काकड आरती संपेपर्यंत पावांचे पहिले पत्रे बाहेर आलेले असायचे. वासावरून पेठेला कळायचं, उजाडलं.

बेकरीचा मालक पन्नाशीतला होता. शाळा चौथीपर्यंत, बोलणं त्याहून कमी. उधारीची तेवढी वही होती. बाकीचा हिशेब तो तोंडीच करायचा.

गल्ल्यावर एक पोरगा बसायचा. पन्हाळ्याकडच्या खेड्यातून शिकायला आलेला. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्यांतल्याच एका बोर्डिंगात तो राहायचा. सकाळी दोन तास आणि शाळा सुटल्यावर रात्रीपर्यंत बेकरीत काम करायचा. मालकानं त्याला ठेवलं ते त्याच्या पाढ्यांमुळं. नुसते तिसापर्यंतचे नव्हेत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं त्याला पाठ होतं. विचारायचा अवकाश, उत्तर हजर.

त्या काळी या पाढ्यांना किंमत होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. कशाचंही अर्धं करा, पाव करा, भाग सरळ जायचा. बेकरीतला भावही तसाच बांधलेला होता. टोस्ट एक पैशाला. पाव अर्ध्या आण्याला, खारीही अर्ध्या आण्याला. नानकटाई आण्याला. कुणी तीन पाव, दोन टोस्ट आणि एक नानकटाई घेऊन रुपया पुढं केला, की पोरगा वर बघायचासुद्धा नाही. “तीन आणे झाले, तेरा परत,” म्हणायचा आणि मोड मोजायला लागायचा.

मग १ एप्रिल १९५७ चा सोमवार आला. त्या दिवसापासून सरकारनं रुपयाचे शंभर भाग केले आणि प्रत्येक भागाचं नाव ठेवलं नवा पैसा.

जुनी नाणी लगेच बंद झाली नाहीत. जुनी आणि नवी दोन्ही एकाच गल्ल्यात पडायला लागली. घोड्याच्या छापाचा जुना पैसा, त्याच्याशेजारी नखाएवढा नवा पैसा. जुन्या दोन आण्यांचं नाणं चौकोनी होतं आणि नव्या पाच पैशांचंही चौकोनीच. पहाटेच्या अंधारात एकाला दुसरं समजून देणं-घेणं व्हायचं, आणि मग उजेडात भांडण.

दुकानादुकानांत तक्ते लागले. बेकरीतही मालकानं एक तक्ता भिंतीला डकवला. त्यावर लिहिलं होतं, एक आणा म्हणजे सहा नवे पैसे. दोन आणे म्हणजे बारा. तीन आणे म्हणजे एकोणीस. चार आणे म्हणजे पंचवीस.

गिऱ्हाइकं तक्त्यापुढं उभी राहून डोकी खाजवायची. सहा, बारा, मग अठरा का नाही? आणि चोवीस का नाही? पोरगा समजावून सांगायचा. शंभराला सोळानं भागलं तर आण्याला सव्वासहा येतात. पाव पैशाचं नाणं टाकसाळीत पाडत नाहीत. म्हणून नियम असा, की अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरला तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असला तर पुरा धरायचा. गिऱ्हाइकं मान हलवायची. समजलेली थोडी, वैतागलेली जास्त.

बेकरीत रोज सकाळी एक म्हातारी यायची. शाहूपुरीतल्या गुळाच्या बाजारात ती बारदान शिवायला जायची. जाता जाता एक टोस्ट घ्यायची, पदरात बांधायची आणि चालू लागायची. दुकानासमोर ती कधी दहा श्वासांहून जास्त थांबली नसेल. एवढी वर्षं ती जुना पैसा पुढं करत आली होती. त्यात ना मोड, ना हिशेब. आता मजुरीच नव्या-जुन्या नाण्यांच्या मिसळीतून हातात पडायला लागली.

एके दिवशी तिनं एक आण्याचं नाणं दिलं आणि टोस्ट मागितला.

पोरानं तक्त्याकडं बघितलं. जुना एक पैसा म्हणजे नवे दीड पैसे आणि वर थोडं, म्हणून पुरे दोन. आण्याचे सहा. सहातून दोन गेले, राहिले चार. त्यानं चार नवे पैसे तिच्या हातावर ठेवले.

म्हातारीनं हात मिटला नाही. नाण्यांकडं बघत राहिली. मग मागच्या गिऱ्हाइकानं घसा खाकरला तशी ती निघून गेली.

इथं एक गंमत होती, ती पोराच्या लक्षात आली होती. टोस्टचा भाव आधी काढला तर मोड चार येते. पण उलट्या बाजूनं गेलं तर? आण्यातून एक जुना पैसा गेला, तीन जुने पैसे परत द्यायचे. तक्त्याप्रमाणं तीन जुन्यांचे नवे होतात पाच. तक्ता तोच, टोस्ट तोच, आणि उत्तरं दोन. पोरानं चाराचं उत्तर घेतलं. ते लवकर आलं होतं.

पेठेच्या टोकाला एक मिसळीचं हॉटेल होतं. हॉटेलवाला रोज सकाळी आठ आण्यांचे सोळा पाव न्यायचा. माणूस हुशार. तक्ता त्यानं एकदाच वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून एका पोराऐवजी चार पोरं पाठवायला लागला. प्रत्येकाच्या हातात बारा नवे पैसे. प्रत्येकजण दोन आण्यांचे चार पाव न्यायचा. चार बारे अठ्ठेचाळीस. एकदम घेतले असते तर आठ आण्यांचे पन्नास द्यावे लागले असते.

पोरगा चिडला. त्यानं मालकाला सांगितलं. मालक हसला.

“चार पोरांची चाल दोन पैशांत विकली म्हणायची त्यानं. जाऊ दे. किती वाजता घरी जाणार तू?”

पण पोराच्या डोक्यातून ते जाईना. खारीचंही तसंच होतं. एक खारी अर्ध्या आण्याची, म्हणजे नवे तीन पैसे आणि वर आठवा हिस्सा. तो आठवा हिस्सा दर खारीला सोडून द्यावा लागायचा. अशानं रोज गल्ला कमी भरणार आणि बोट आपल्याकडं दाखवलं जाणार, असं त्याला वाटायला लागलं. म्हणून एके रात्री दुकान बंद झाल्यावर त्यानं त्या दिवशी नव्या पैशांत झालेली विक्री वेगळी काढली आणि पाटीवर मांडली. मांडता मांडता त्याचा चेहरा खुलला.

“मालक, जुळला! एक पैशाचा फरक नाही.”

“कसा काय जुळला?” मालकानं विचारलं. “हॉटेलवाल्यानं तर दोन नेले.”

पोरानं पाटी पुढं केली. सुटे सोळा टोस्ट गेले होते. जुन्या हिशेबानं सोळा पैसे, म्हणजे चार आणे. पाव आठ आण्यांचे. सुट्या चाळीस खारी वीस आण्यांच्या. एकूण बत्तीस आणे, म्हणजे बरोबर दोन रुपये. आता नव्या पैशांत आलेले बघा. पावाचे अठ्ठेचाळीस, म्हणजे दोन कमी. खारीचे एकशेवीस, म्हणजे पाच कमी. पण टोस्टचे पंचवीस यायचे तिथं आले बत्तीस. सात जास्त! सगळे मिळून दोनशे. दोन रुपये.

“तुटलं तेवढंच भरून आलं,” पोरगा म्हणाला. त्याला वाटलं, मालक आता पाठ थोपटणार.

मालक पाटीकडं बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. भट्टीतला शेवटचा निखारा फुटल्याचा आवाज आला.

“खारी कोण नेतंय रे आपल्याकडची?”

“मास्तर नेतात. कचेरीतले कारकून. वकील लोक.”

“आणि एक-एक टोस्ट?”

पोरगा आठवत गेला. “ती बारदानवाली आज्जी. दोन-तीन हमाल. टांगेवाल्याचा पोरगा. देवळापुढं फुलं विकते ती बाई...” बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

“म्हणजे मास्तरांच्या खारीचे पैसे हमालानं दिले,” मालक म्हणाला. “आणि हॉटेलवाल्याच्या पावाचे म्हातारीनं.”

पोरगा गडबडला. “पण मालक, मी कुणाला फसवलं नाही. तक्ता सरकारी आहे. तक्त्यात आहे तेवढंच घेतलं.”

“फसवलं असं कोण म्हणतंय? मी ते दोन पैसे हसण्यावारी नेले, तेव्हा ते कुणाच्या पदरातून येतात हे मलाही कुठं दिसलं?”

मग पोरानं आपण होऊनच त्या आण्याची गोष्ट सांगितली. चाराचं उत्तरही बरोबर होतं आणि पाचाचंही.

“मग तू चाराचं का घेतलंस?”

पोराकडं याचं उत्तर नव्हतं. मालकानंही पुन्हा विचारलं नाही. त्यानं पाटी पुसली आणि भिंतीला टांगली.

“उद्यापासनं एक कर. रोज एक टोस्ट नेणाऱ्यांची नावं या पाटीवर लिही. टोस्ट नेला की नावापुढं एक रेघ. तीन दिवस दोन-दोन पैसे घे. चौथ्या दिवशी टोस्ट दे, पैसे घेऊ नको. चार टोस्टांचा आणा व्हायचा, आण्याचे सहा. झाले की नाही सहा?”

“त्यात आपला पाव पैसा जातोय,” पोरगा म्हणाला. सवायकी त्याला गप्प बसू देत नव्हती.

“जाऊ दे. तो माझ्याकडनं.”

दुसऱ्या दिवसापासून रेघा सुरू झाल्या. पोरानं अक्षर चांगलं काढलं होतं. हमालांना त्यानं समजावून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, बरं आहे. म्हातारी मात्र कधी थांबायचीच नाही. पोरानं ठरवलं, चौथ्या दिवशी सांगू. तिला हिशेब काही कळायचा नाही, पण फुकट टोस्ट मिळाला की खूश होईल.

चौथा दिवस आला. म्हातारीनं दोन पैशांचं नाणं पुढं केलं. पोरानं ते परत सरकवलं.

“आज पैसे नकोत, आज्जी.”

म्हातारीनं टोस्टला हात लावला नाही. “का रं? कुणाचं तेरावं हाय?”

“तेरावं कशाला? तुमचा हिशेब आहे हा.”

“फुकटचं मला नगं. पैसं घे.”

पोरानं पाटी दाखवली. रेघा दाखवल्या. चार जुन्या पैशांचा आणा कसा होतो, आण्याचे सहा नवे कसे होतात, आणि दोन-दोन दिले तर चार दिवसांत आठ कसे जातात, हे लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मागं माणसं उभी होती, पण आज ती घाईत दिसली नाही.

“झालं तुझं?” ती म्हणाली. “आता मी सांगू?”

तिनं कनवटीची गाठ सोडली आणि फळीवर चिंचोके ओतले. सहा एका बाजूला लावले, एक वेगळा ठेवला.

“तुमचं हे नवं पैसं निघाल्यापास्नं, ही रेघांची भानगड सुरू व्हायच्या आधी, बारा टोस्ट नेलं मी. चार टोस्टांला आणा जायचा, त्याचं सहा. तू घेतलंस आठ. चाराला दोन जास्ती. बाराला किती?”

“सहा,” पोरगा म्हणाला.

“हे ते सहा. आन् हा येगळा ठिवलाय तो पयल्या दिवसाचा. आणा दिला तवा पाच मोड येत हुती. तू चार दिलीस.”

दुकानात कुणी बोलेना. पोराचे कान तापले. एवढे पाढे पाठ, आणि जिला हिशेब कळत नाही असं तो धरून चालला होता तिनं दोन्ही उत्तरं काढून ठेवली होती. पाटी नाही, पेन्सिल नाही.

“मग त्याच दिवशी का बोलला नाही, आज्जी?”

“हिशेब येतोय की मला. भांडायला येळ न्हवता. बाजार उघडायच्या आधी दारात ऱ्हायले न्हाई तर शिवायचं काम दुसरीच्या हातात जातंय. तुझ्याकडनं एक पैसा सोडवायचा आन् तिकडं दीसभराची मजुरी घालवायची व्हय?”

मालक भट्टीवरून पुढं आला होता. हातांना पीठ तसंच होतं. तो पाठीमागं उभा राहून ऐकत होता, हे पोराला आता दिसलं. मालकानं गल्ल्यातून सात नवे पैसे मोजले आणि चिंचोक्यांशेजारी ठेवले.

“घ्या, मावशी. चुकलं आमचं.”

म्हातारीनं सहा उचलले. सातवा बोटानं मागं ढकलला.

“ह्यो ऱ्हाऊ दे. ह्याचं दोन्हीकडनं बरोबर येतंय. ह्यो तुमचाबी न्हाई, माझाबी न्हाई. त्या तक्त्याचा.”

मग तिनं पाटीकडं बोट केलं. “आन् ह्या रेघा कशापायी वडताय? मी दोन दीस आले न्हाई तर? पाटीवर पाणी सांडलं तर? रोज कोण कुणाच्या रेघा मोजत बसायचं? पैसं वाढवलंसा, तर टोस्टबी वाढवा की. जाड करा.”

एवढं बोलून, दोन पैसे ठेवून, टोस्ट पदरात बांधून ती निघून गेली. त्या दिवशी ती बाजारात उशिरा पोचली असणार.

मालक आणि पोरगा एकमेकांकडं बघत राहिले. मग मालकानं मागून हातभर लांबीचा एक पाव आणला. टोस्टसाठी हा वेगळा लांब पाव भाजायचे, कापायचे आणि कापं पुन्हा भट्टीत घालून कडक करायचे. एका पावाची बत्तीस कापं निघायची.

“बत्तीस कापं, बत्तीस पैसे, म्हणजे आठ आणे,” मालक म्हणाला. “आठ आण्यांचे नवे किती?”

“पन्नास. यात सोडायचं-धरायचं काही नाही, बरोबर पन्नास.”

“दोन पैशांना एक, तर पन्नासात किती कापं?”

“पंचवीस!” पोरगा ओरडलाच. “मालक, बत्तिसाऐवजी पंचवीस कापायची. एका पावाचे तेवढेच पैसे येतात. पाव पैशाचीसुद्धा उचल नाही की सूट नाही.”

मग त्याला थांबवता येईना. पाटीवर तो पाव-खारीकडं वळला. अर्ध्या आण्याचे चोवीस पाव म्हणजे बारा आणे, बारा आण्यांचे नवे पंचाहत्तर. तीन पैशांना एक विकायचा तर पंचाहत्तरात पंचवीस बसतात. म्हणजे चोविसाच्या पिठात पंचवीस पाव काढायचे. खारीचंही तेच. पाव केसभर लहान, टोस्ट बोटभर जाड, आणि तक्त्याची गरजच संपली.

गणित सुटलं, पण सुरी ऐकेना. भट्टीवरचा कारागीर वीस वर्षं बत्तीस कापत आला होता. पाव मधोमध कापायचा, त्या अर्ध्याचं अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं, असं पाच वेळा केलं की बत्तीस होतात. नजरेनं होतात, पट्टी लागत नाही. जुन्या पैशाचा हिशेबही असाच होता, अर्ध्यातून अर्धं काढत जाणारा. पंचवीस असे निघत नाहीत. आधी पाच भाग करायचे, मग एकेकाचे पाच. पावाचे नजरेनं सारखे पाच भाग कुणाला जमतात? पहिल्या दिवशी काही कापं टाचेएवढी जाड झाली, काही कागदासारखी. कारागीर म्हणाला, “सरकारला सांगा, दिल्लीहून कापायला माणूस पाठवा.”

पोरगा बोर्डिंगात गेला. लाकडाची एक पट्टी मिळवली, शाळेच्या फूटपट्टीनं मोजून तिच्यावर खुणा केल्या आणि चाकूनं खाचा पाडल्या. ती पट्टी पावाशेजारी ठेवली, की खाच बघून सुरी चालवायची. आठवड्याभरात कारागिराचा हात बसला. पंधरा दिवसांत त्याला पट्टी बघावीही लागेना, पण ती कुणी हलवली की तो ओरडायचा.

बेकरीबाहेर नवी पाटी लागली. टोस्ट दोन नवे पैसे. पाव तीन. खारी तीन. हॉटेलवाल्याची चार पोरं पहिल्या दिवशी आली तशीच चार बारे अठ्ठेचाळीस देऊन सोळा पाव घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीही आली. मग हॉटेलवाल्याच्या लक्षात आलं, की एक पोरगा आला काय आणि चार आले काय, अठ्ठेचाळीसच. तिसऱ्या दिवशी एकच पोरगा आला. त्यानं सांगितलं, मालक म्हणत होते, पाव लहान झाला का? बेकरीवाला म्हणाला, “झालाय. पन्नासातले तुमचे दोन पैसे गेले तेवढाच झालाय. सांग त्यांना, हुशार आहेत, त्यांना कळेल.”

ते सगळं आता जुनं झालं. आण्यांची नाणी गल्ल्यांतून गेली, १ जून १९६४ पासून नव्या पैशाच्या नावातला ‘नवा’ही गेला, आणि पावकी-निमकी म्हणणारी पोरं शाळांत राहिली नाहीत. पण त्या रात्रीच्या पाटीचा विचार करावासा वाटतो. तिच्यात चोर कुणी नव्हता. तक्ता बरोबर होता, पोराची बेरीज बरोबर होती, गल्ला तर पैशाला पैसा जुळला होता. आणि जुळला होता म्हणूनच ते सात पैसे कुणाच्या कनवटीतून निघून कुणाच्या खारीत गेले, हे विचारायचं कुणाला सुचलं नसतं. कमी पडला असता तर मालकानं त्याच रात्री कंदील लावून शोधला असता. तुटका पैसा कुणीतरी सोसतोच. तो बहुतेक वेळा त्याच्याकडं जातो, ज्याला थांबून भांडायला सवड नसते. आणि मग आपण म्हणतो, त्याला हिशेब कळत नाही.

जाड टोस्टांचा पहिला पत्रा निघाला त्या सकाळी म्हातारी नेहमीसारखी आली. टोस्ट हातात घेऊन तिनं उलटासुलटा बघितला, बोटांत धरून जाडी मोजली, आणि काही न बोलता पदरात बांधला. पोराला वाटलं होतं, ती निदान हसेल.

दुसऱ्या दिवशी ती तक्रार घेऊनच आली.

“जाड केलासा ते बरं केलंसा. पर मेला चहात भिजंना की लवकर! त्यो भिजूस्तवर मी बाजारात कवा पोचू?”

“आता याला काय करायचं?” पोरानं मालकाकडं बघितलं. मालक तोंड फिरवून हसत होता.

पोरानं बरणीत कोपरापर्यंत हात घातला, वरचे टोस्ट बाजूला सारले आणि तळाशी शोधून सगळ्यांत कमी भाजलेला एक काढून तिला दिला.